सीनाकाठचं पंपघर पुरात बुडालं: भिंत बांधायची, पंप वर न्यायचा, की आणखी काही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठावर पाच हजार वस्तीचं गाव. सप्टेंबर २०२५ च्या पुरात जॅकवेलशेजारचं (नदीचं पाणी जिथे येतं त्या विहिरीशेजारचं) पंपघर बुडालं, २० एचपीची मोनोब्लॉक मोटार (पंप आणि मोटार एकत्र, पाण्याबाहेर बसणारी) आणि विजेचं पॅनेल दोन्ही गेलं, गावाला बरेच दिवस टँकरवर काढावे लागले. आता दुरुस्तीला निधी येतोय. एक जण सांगतो, पंपघराभोवती तीन मीटर उंच काँक्रीटची भिंत घाला. दुसरा सांगतो, तोच पंप उंच ओट्यावर बसवा. आरोग्य केंद्राची वीजही त्याच नदीकडच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून येते. कोणाचं ऐकायचं?

दोन्ही सल्ले एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: पुराचं पाणी पंपाला लागू नये. पण गावाचा प्रश्न तो नाही. पूर असताना रोज माणशी पंधरा लिटर निर्धोक पाणी कुठून येणार आणि पूर ओसरल्यावर पूर्ण योजना किती तासांत सुरू होणार, हा गावाचा प्रश्न आहे. असा प्रश्न धरला की पैसे वेगळ्या ठिकाणी खर्च होतात. काही वस्तू बुडाल्या तरी चालतात, काही कधीच बुडता कामा नयेत. कुठली कशात मोडते ते ठरवणं हेच खरं डिझाइन आहे.

नेमकं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. उन्हाळ्यातली सर्वांत खालची पाणीपातळी आणि पुराची सर्वांत वरची पातळी यांत किती मीटरचं अंतर आहे? पंपाची वीज गावठाण फिडरवर (घरांना वीज देणाऱ्या लाइनवर) आहे की शेती फिडरवर? उंच टाकी नदीच्या कुठल्या अंगाला आहे? या तीन गोष्टी न पाहता कोणी अंदाजपत्रक दिलं असेल, तर ते तूर्त बाजूला ठेवा.

उंचीपासून सुरुवात करू. सप्टेंबरच्या पुराची खूण अजून कुठल्या ना कुठल्या भिंतीवर असेल: मातीची रेघ, ओल चढल्याचा डाग, देवळाच्या पायरीवरचा गाळ. रंगरंगोटी व्हायच्या आत निदान चार-पाच ठिकाणी त्या खुणेवर ऑइलपेंटची रेघ मारा आणि तारीख लिहा. मग डंपी लेव्हलने (सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने), ती नसेल तर गवंड्याकडच्या पारदर्शक लेव्हल नळीने, ती पातळी पंपघराच्या जोत्यापर्यंत आणून मोजा. चार खुणांत थोडा फरक येईल, वरची धरा. जलसंपदा विभागाची पूररेषा आखलेली असेल तर तीही मागून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" म्हटलं की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच चूक होते. दरवर्षी एक टक्का शक्यता असेल, तर योजनेच्या ३० वर्षांच्या आयुष्यात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुराची तर ७० टक्के. म्हणून विजेच्या सामानासाठी उंची ठरवताना लाल रेषा, २०२५ ची खूण आणि जुन्या माणसांना आठवणारी सर्वांत वरची खूण या तिन्हींत जी वरची असेल ती घ्यायची आणि तिच्यावर एक मीटर सोडायचा. गावाच्या खालच्या अंगाला नदीवर केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा असेल तर हा मीटर अजिबात कमी करू नका. बर्गे (बंधाऱ्यातल्या काढता येणाऱ्या फळ्या) वेळेवर निघाले नाहीत, किंवा ऊस, झाडं आणि जलपर्णी बंधाऱ्याच्या गाळ्यांत अडकली, तर त्याच विसर्गाला वरच्या बाजूची पातळी आणखी चढते. ती वाढ कुठल्याच नकाशावर नसते.

आता भिंत. तीन मीटर पाणी भिंतीच्या एका बाजूला उभं राहिलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेचार टनांचा रेटा येतो. दीड मीटरला तोच रेटा सव्वा टनाच्याही आत असतो, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. ही भिंत उभी राहू शकते. पाया नीट खोल आणि सळई भरपूर असली पाहिजे, एवढंच. पण पाणी भिंतीवरूनच येतं असं नाही. ते केबलच्या चरातून येतं, पाइप भिंतीतून जातो तिथल्या फटीतून येतं, जॅकवेलमधूनच आत वर चढतं आणि फरशीखालून येतं. आत कोरडं आणि बाहेर तीन मीटर पाणी असेल तर फरशीला खालून दर चौरस मीटरला तीन टनांपर्यंत उचल लागते, साधी कोब्याची फरशी फुटून वर येते. आत येणारं पाणी उपसायला पंप लागतो, त्याला वीज लागते, आणि वीज तर त्या वेळी नसतेच. भिंतीवरून एकदा पाणी गेलं की आतली खोली हौद होते; पूर ओसरल्यावरही पाणी आतच राहतं. म्हणून या आकाराच्या योजनेला मी भिंत सुचवणार नाही.

त्याऐवजी पाण्याला वाट द्या. खांबांवर उभं पंपघर, खालचा भाग मोकळा, वर स्लॅबवर विजेचं सगळं सामान. जुनी खोली ठेवायचीच असेल तर समोरासमोरच्या भिंतींना जमिनीलगत झरोके ठेवा, म्हणजे आतबाहेर पातळी सारखी राहते आणि भिंत रेट्याने पडत नाही. खांबांचा पाया काळ्या मातीत ठेवू नका. ती पुराच्या प्रवाहात लोण्यासारखी कापली जाते. कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा, आणि खांबांभोवती दगडी पिचिंग करा. वरच्या अंगाच्या खांबांपुढे झाडाचे ओंडके अडवायला दोन जाड पोलादी खांब रोवले तर खूप फरक पडतो. नुसत्या पाण्यापेक्षा पाण्याबरोबर येणारं बाभळीचं खोड जास्त नुकसान करतं.

दुसरा सल्ला, तोच मोनोब्लॉक वर उचलायचा. इथे जरा थांबून हिशोब करू, कारण ही चूक फार ठिकाणी होते आणि ती पावसाळ्यात कळत नाही, मे महिन्यात कळते. मोनोब्लॉक पाणी ओढतो म्हणजे खरं तर हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा. आपल्याकडे साडेचारशे मीटरच्या उंचीवर साधारण ९.८ मीटर. उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांपर्यंत तापलेलं असेल तर वाफेपोटी ०.६ मीटर जातो. फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) आणि पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपमध्ये एक मीटर. पंपाची स्वतःची गरज साधारण तीन मीटर. हातात राहतात पाच मीटर, तेही पाइपचा एकही सांधा हवा घेत नसेल तर. तुमच्याकडे उन्हाळी पातळी आणि पूरपातळी यांत नऊ-दहा मीटरचं अंतर निघालं, तर पुराच्या वर बसवलेला मोनोब्लॉक उन्हाळ्यात पाणी उचलणारच नाही. आवाज करेल, इंपेलर (पंपाचं आतलं फिरतं चाक) कुरतडला जाईल, आणि सगळे म्हणतील की पंप खराब दिला.

आपल्या जिल्ह्यात पूर आणि टंचाई एकाच जॅकवेलमध्ये येतात, हे बाहेरून आलेल्या नकाशांत फारसं दिसत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खूप खाली गेलं होतं, दुबार-तिबार पंपिंग (पाणी दोन-तीन टप्प्यांत उचलणं) करावं लागत होतं. सीनेलाही उन्हाळ्यात बोगद्यातून उजनीचं आवर्तन मिळतं, ते लांबलं की बंधारे कोरडे. पुढच्याच वर्षी त्याच सीनेला असा पूर. म्हणून पंपाला दोन्ही टोकं झेपली पाहिजेत.

याला दोन पर्याय आहेत. व्हर्टिकल टर्बाइन पंपात मोटार वरच्या स्लॅबवर असते आणि लांब शाफ्टने खालचा पंप फिरतो. मोठ्या योजनांना हा उत्तम. पण शाफ्टची सरळ रेष बिघडली की बेअरिंग जातात आणि ती जुळवणारा माणूस गावात मिळत नाही. २० एचपीच्या गावयोजनेला मी सबमर्सिबलच (मोटारीसह पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) घेईन, दोन नग, एक चालू आणि एक राखीव. मोटार मुळातच पाण्यात असते, पुराने तिला फरक पडत नाही. काळजी दोन गोष्टींची. रुंद जॅकवेलमध्ये मोटारीभोवती पाणी वाहत नाही, ती तापते. म्हणून मोटारीवर कूलिंग जॅकेट बसवून घ्या. दुसरं, केबलचा सांधा. सबमर्सिबल बंद पडते ती मोटारीमुळे नाही, जॅकवेलच्या काठावर टेप गुंडाळून मारलेल्या सांध्यामुळे. मोटारीपासून वरच्या पॅनेलपर्यंत केबल अखंड घ्या. सांधा टळत नसेल तर रेझिन ओतून केलेला घ्या. पॅनेलमध्ये केबल खालून आणि ग्लँडमधूनच घ्या, आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी तिथूनच गळून जाईल.

जॅकवेलला पाणी घेणारी खिडकी एकच असेल आणि तीही तळाशी, तर पुराच्या गाळाने ती पहिल्या दिवशीच बुजते. वेगवेगळ्या उंचीवर दोन किंवा तीन तोंडं ठेवा, प्रत्येकाला झडप. पुरात वरचं उघडायचं, खालचं बंद, उन्हाळ्यात उलट. झडपेचा दांडा वरच्या स्लॅबपर्यंत आणा. पुरात खाली उतरून झडप फिरवायला कोणी जाऊ नये.

आता वीज. तुमचा पंप शेती फिडरवर असेल तर त्याला थ्री फेज मुळात ठरावीक तासच मिळतो, आणि आपत्तीनंतर दुरुस्तीत तो फिडर मागे पडतो. महावितरणकडे पाणीपुरवठ्याची जोडणी गावठाण फिडरवर घ्यायचा किंवा एक्सप्रेस फिडरचा (फक्त योजनेसाठीच्या स्वतंत्र लाइनचा) अर्ज आत्ताच द्या. हे काम सिमेंटपेक्षा स्वस्त आहे आणि परिणाम जास्त. डीपी नदीकडे असेल तर गावाच्या वरच्या अंगाला हलवायचा प्रस्ताव द्या. तिथून पंपापर्यंत एलटी (कमी दाबाची) लाइन लांबली तर व्होल्टेज किती पडतं ते मोजून तारेची जाडी वाढवा. आरोग्य केंद्र त्या डीपीवरून काढून वेगळ्या डीपीवर घ्या, हे तर पहिल्यांदा. बुडालेला ट्रान्सफॉर्मर पाणी ओसरलं म्हणून तसाच चार्ज करू देऊ नका. ब्रीदरमधून (त्याच्या हवा घेण्याच्या तोंडातून) आत ओल जाते. तेलाची बीडीव्ही चाचणी (तेल किती व्होल्टेज सहन करतं ते पाहणारी) झाली पाहिजे, अडीच मिलिमीटर अंतरावर किमान ३० केव्ही. त्याहून कमी आली तर तेल फिल्टर करायचं.

नदीकाठचे पोल पुरात का पडतात? काळी माती आठवडाभर पाण्यात राहिली की पकड सोडते. नऊ मीटरच्या पोलाला दीड मीटर खड्डा हा कोरड्या जमिनीचा हिशोब आहे. पूरपट्ट्यात खड्डा काँक्रीटने भरा आणि वळणावरच्या, टोकाच्या पोलांना ताण (जमिनीत रोवलेली तिरपी तार) द्या. पाच-सहा पोलांचं काम असतं, पण एक पडला तरी सगळी लाइन जाते.

जनरेटरचा हिशोब बहुतेक जण पूर्ण पाणीपुरवठा धरून करतात आणि आकडा बघून विचार सोडून देतात. आणीबाणीचा हिशोब वेगळा असतो. रोजची गरज ५५ लिटर माणशी धरली तर पाच हजार माणसांना पावणेतीन लाख लिटर. पुराच्या दिवसांत पिण्या-रांधण्याला आणि किमान स्वच्छतेला माणशी १५ लिटर धरले तर ७५ हजार लिटर. तुमचा २० एचपीचा पंप साठ मीटर हेडला (पाणी चढवायच्या एकूण उंचीला, पाइपमधला अडथळा धरून) तासाला साधारण ५५ ते ६० हजार लिटर देईल. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड तास जनरेटर चालवला की भागलं. नेहमीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरला ४० केव्हीएचा संच लागेल, मोटार हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावला तर ३० वरही जमतं. डिझेल तासाला सात-आठ लिटर. पाच दिवसांना साठ लिटर पुरतात, तीन कॅन. ते साठवणं कुठल्याही ग्रामपंचायतीला जमतं. फक्त दर सहा महिन्यांनी वापरून नवं भरा, तळाशी पाणी आणि गाळ साचतो.

"गरज पडली तर सोलापुरातून भाड्याने आणू" हा बेत मात्र कागदावरून काढून टाका. सप्टेंबर २०२५ मध्ये लांबोटीजवळ सीनेच्या पाण्याने पुणे महामार्गच बंद झाला. तुम्हाला जनरेटर लागेल नेमक्या त्याच दिवशी रस्ता नसेल. जनरेटर गावातच हवा, पूरपातळीच्या वर हवा, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास खऱ्या पंपाचा लोड देऊन चालवलेला हवा. नुसता रिकामा चालवून बंद केलेला संच ऐन वेळी धूर काढतो. सुरू न होण्याचं सर्वांत मोठं कारण बॅटरी असतं. दर तीन वर्षांनी ती चालू असली तरी बदला. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर एकच जोडणारा) नसेल तर जनरेटर जोडूच नका. तुमची वीज उलटी लाइनवर जाते आणि तिकडे पोलवर चढलेला वायरमन मरतो.

यापेक्षाही स्वस्त आणि माझ्या मते आधी करण्यासारखी एक गोष्ट आहे. गावाच्या वरच्या अंगाला, पूररेषेच्या बाहेर, पाच एचपीची बोअर. सत्तर मीटर हेडला ती तासाला दहा हजार लिटरच्या आसपास देते. सात-आठ तासांत आणीबाणीचं पाणी निघतं. आपल्या बेसाल्टमध्ये एका बोअरला तेवढं पाणी लागेलच असं नाही, दोन लागतील. मे महिन्यात सलग सहा तास उपसून बघितल्याशिवाय बोअर हिशोबात धरू नका. हिला वीज द्यायला ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, पुरतो. जनरेटरच्या इंजिनाची निगा राखायला माणूस मिळत नाही, पण गावात चालू स्थितीतले ट्रॅक्टर कितीतरी असतात. बोअरची पाइपलाइन थेट उंच टाकीला जोडा.

दोन स्रोत असले की आपण निश्चिंत होतो, पण ते खरंच दोन आहेत का हे तपासा. सोलापूर शहराचंच बघा. उजनीहून थेट येणारी जलवाहिनी, भीमेतून औज बंधारा आणि टाकळी मार्गे येणारं पाणी, आणि हिप्परगा तलाव: नावं तीन, पण त्यातली पहिली दोन एकाच धरणावर आहेत. तुमच्या गावात नदीचा पंप आणि बोअर एकाच डीपीवर असतील तर स्रोत दोन आणि कच्ची कडी एक. दोघांची वीज, दोघांचा रस्ता, दोघांची चावी, प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न विचारून बघा. रस्त्यावरून आठवलं: पंपघर ओढ्यापलीकडे असेल तर वर नेलेलं पॅनेल चालू करायला पाणीवाला जाणार कसा? स्लॅबपासून उंच जमिनीपर्यंत लोखंडी जाळीची पायवाट अंदाजपत्रकातच धरा. मोबाइल स्टार्टर उपयोगी आहे, पण टॉवर बंद पडला की तोही बंद.

उंच टाकी हा तुमचा सर्वांत भरवशाचा साठा. पूर्ण भरलेली पावणेतीन लाखांची टाकी १५ लिटरच्या हिशोबाने साडेतीन दिवस पुरते, विजेशिवाय. पण पुरात खालची पाइपलाइन कुठे फुटली तर तीच टाकी रात्रीतून रिकामी होते. म्हणून वरून सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की क्रम असा: टाकी पूर्ण भरायची, आउटलेट झडप बंद करायची, दिवसातून ठरलेल्या वेळेलाच सोडायची. नदीकडच्या वस्तीची झडप वेगळी असेल तर ती आधी बंद. धरणातून किती क्युसेक सुटले आणि तुमच्या घाटावर पाणी किती तासांनी किती चढलं, याची एक वही ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्याच गावाचा अंदाज तयार होतो, आणि तो कुठल्याही सर्वसाधारण इशाऱ्यापेक्षा नेमका असतो.

पाइपलाइन नदी किंवा ओढा ओलांडत असेल तर ती पुलाच्या वरच्या अंगाला टांगलेली नाही ना बघा. ओंडके तिथेच आपटतात. खालच्या अंगाला घ्या किंवा तळाखाली काँक्रीटमध्ये गाडा. प्लास्टिकचा रिकामा पाइप तरंगतो हेही लक्षात ठेवा: २०० मिलिमीटरच्या पाइपला दर मीटरला ३१ किलोची उचल लागते, त्याचं स्वतःचं वजन त्याच्या पाव भागाच्या आसपास. नुसती माती टाकून तो खाली राहत नाही. दोन्ही काठांवर झडप हवीच.

पूर आला की पाणी गढूळ असतं आणि गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आधी तुरटीने निवळू द्या, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर). ७५ हजार लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं आणि पावडर २५ टक्क्यांची असेल तर रोज ६०० ग्रॅम लागतात. आपल्या एप्रिल-मेच्या ४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत पडलेली पावडर २५ टक्क्यांची राहत नाही, म्हणून जूनमध्ये ताजी पिशवी घ्या आणि गावाच्या शेवटच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात शिल्लक क्लोरीन दाखवणारी) करा. एरवी ०.२ मिलिग्रॅम शिल्लक चालतं, पुरानंतर ०.५ दिसलं पाहिजे. बुडालेले हातपंप क्लोरीन टाकून उपसल्याशिवाय पिण्याला वापरू नका.

आरोग्य केंद्राचं गणित वेगळं. तिथे सगळी इमारत चालवायची नाही. लसींचा आयएलआर (खास फ्रीज), प्रसूतिकक्षाचे दिवे, बाळाचा वॉर्मर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन, एवढंच वेगळ्या वायरिंगवर घ्या. लोड दीड किलोवॅटच्या आसपास येतो. आठ तासांना १२ युनिट. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हणून दुप्पट, म्हणजे ४८ व्होल्टला ५०० अॅम्पिअर-अवर. सोलर पॅनेल छतावर आणि इन्व्हर्टर-बॅटऱ्या तळमजल्यावर जमिनीवर, हे चित्र तुमच्याकडे असेल तर ते आजच बदला. बॅटऱ्या पत्र्याखालीही नको. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पुरात निकामी झालेली बॅटरी बऱ्याचदा आधीच्या उन्हाळ्यातच मेलेली असते.

भूकंपाचं तुम्ही विचारलं नाही, पण नवं बांधकाम होतंय म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. २००२ च्या मानकात तो पट्टाच काढून टाकला आणि सोलापूर तिसऱ्या पट्ट्यात आलं. उंच टाकीचं डिझाइन करणाऱ्याला पाण्याने भरलेल्या टाकीचा भूकंपाचा हिशोब दाखवायला सांगा. उभी पाइप टाकीत शिरते तिथे लवचिक कपलिंग घ्या, ती जागा आधी तुटते. पॅनेल आणि बॅटरीचा रॅक भिंतीला आणि फरशीला बोल्टने धरा. खर्च नगण्य.

शेवटी, एवढं करूनही काही बुडालंच तर. पाणी ओसरल्यावर लगेच स्विच टाकू नका. आधी काठी आणि टॉर्च घेऊन साप बघा, पुरानंतर ते पॅनेलमध्येच बसलेले असतात. मेन बंद करून कुलूप. पॅनेल स्वच्छ पाण्याने धुवा, गाळ वाळू देऊ नका. कॉन्टॅक्टर, एमसीबी, रिले वाळवून वापरू नका, बदला. बुडालेली साधी (सबमर्सिबल नसलेली) मोटार उघडून, धुऊन, बंदिस्त खोक्यात २०० वॅटचे बल्ब लावून दोन-तीन दिवस वाळवा, ८० अंशांच्या वर नको. मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) किमान दीड मेगओहम आल्याशिवाय करंट देऊ नका. बेअरिंग नवे घाला. यासाठी गावात कायम एक पेटी असू द्या: एक पूर्ण स्टार्टर, कॉन्टॅक्टरच्या दोन कॉइल, केबल जोडायचं रेझिन किट, प्रत्येक मापाच्या पाइपला दोन दुरुस्ती क्लॅम्प, एक एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप). पेटी पूरपातळीच्या वर ठेवा.

निधी सगळ्याला पुरणार नसेल तर माझा क्रम असा राहील: फिडर आणि डीपीची जागा, आरोग्य केंद्राची वेगळी जोडणी, वरच्या अंगाची बोअर आणि अल्टरनेटर, झडपा, मग पॅनेलसाठी उंच स्लॅब आणि सबमर्सिबल, नंतर जनरेटर. भिंत या यादीत येत नाही.

उन्हाळी पातळी, पूरखूण आणि पंपघराचं जोतं, या तिघांतली अंतरं मीटरमध्ये मोजून इथेच लिहा. सोबत फिडरचं नाव आणि टाकीची क्षमता. त्यावरून स्लॅबची उंची आणि पंपाचं हेड काढून देतो.